बाहेरून कुलूप

जबलपूर
२ फेब्रुवारी २०२६

दिवाळीत तू अण्णांच्या कंप्यूटरमध्ये जे नवं घालून गेलास, ते घरातल्या माणसाचं लिहिलेलं खोडतं आणि तिथे आपल्या मनचं लिहून ठेवतं. असं काहून करतं, ते आधी सांग. आशीर्वाद मग.

चि. योगेश,

घे, आशीर्वाद. फोन केला नाही, कारण तुझ्या अण्णाआजोबांना ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकर लावतात, आणि तुझी बहीण पलीकडच्याच खोलीत असते. तिच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही. म्हणून चौथी शिकलेली बाई कागद खराब करून राहिली. अक्षराला नावं ठेवू नकोस.

अवंती जानेवारीत एका बॅगेवर इकडे आली, ते तुला माहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, सासरी काय काय झालं ते सगळं तुझ्या शब्दांत लिहून आण, होळीनंतर कोर्टात द्यायचं आहे. म्हणून ती दुपारची अण्णांच्या कंप्यूटरवर बसते. जेवढं लिहून होतं तेवढं मला वाचून दाखवते. ऐकताना मी हातात काम ठेवते, म्हणजे तिला माझ्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

त्या शनिवारी मी वाटाणे सोलत होते. तिने वाचलं, ‘ऑफिसला जाताना ते बाहेरून कुलूप लावून जात. मी आत असे.’ मी ऐकलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली, म्हणून पक्कं लक्षात आहे. रविवारी नर्मदा जयंती. आम्ही तिघं घर बंद करून ग्वारीघाटला गेलो. सोमवारी तिने पुन्हा वाचायला घेतलं, आणि त्याच जागी निघालं, ‘ते ऑफिसला गेले की मी आतून कडी लावून घेत असे. मला भास होत.’

वाचता वाचता थांबली. मला म्हणाली, "आजी, मी असं लिहिलं होतं?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मीच लिहिलं असेल, मला आठवत नाही. आणि मान खाली घालून बसली. ती मान मला आवडली नाही.

अण्णा म्हणतात, नवी सिस्टीम शुद्धलेखन सुधारते. मी विचारलं, शुद्धलेखन सुधारताना नवऱ्याच्या हातातलं कुलूप बायकोच्या हातात देते का ती? त्यावर त्यांनी पेपर उघडला.

दुसरी गोष्ट. मंगळवारी अंबरीशचा अण्णांना फोन आला. गोड बोलला, जावयांनी बोलावं तसा. अवंतीला जांभळी साडी शोभते म्हणाला, घाटावर दिवा सोडताना गर्दीत तिला सांभाळत जा म्हणाला. ती साडी तिने त्या रविवारीच पहिल्यांदा नेसली होती, माझ्या पेटीतली. पुण्यात बसून याला कसं कळलं? आमच्यासोबत ऑटोमध्ये शेजारची राधाबाई होती, आणि तिचा दीर पुण्याला असतो. मी तिला फाटकाशी उभं करून चार माणसांत बोलले. तिने तिळाची वडी पाठवली होती, ती वाटी रिकामी परत केली. पन्नास वर्षांच्या शेजारात आमची वाटी कधी रिकामी गेली नव्हती.

तुझे अण्णा हसतात की बाई यंत्रात भूत शोधते. भुताखेताचं मला काही नाही. कुलूप-कडीची अदलाबदल माणूसच करतो. कोण, ते बघून कळव.

आजी

*

पुणे
११ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मराठीत हाताने लिहायची सवय सुटली आहे, चुका होतील, सांभाळून घे.

आजी, कंप्यूटर आपल्या मनाने वाक्य लिहीत नाही. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ देतो, बस. जुनी सिस्टीम बदलणं जरूरी होतं. बनवणाऱ्यांनीच तिची देखभाल बंद केली, म्हणजे दरवाजा उघडा आणि चौकीदार सुट्टीवर. अण्णांची पेन्शन, बँक सगळं त्यात आहे. नवी जास्त सुरक्षित आहे, मी स्वतः टाकली आहे. तू उगीच टेन्शन नको घेऊ.

राग येणार नसेल तर एक सांगतो. अवंती आजकाल विसरते. गॅस बंद केला की नाही हेसुद्धा तिच्या लक्षात राहत नाही. अशा अवस्थेत माणूस काल एक लिहितो, आज दुसरं. तिची चूक नाही, तणावात असं होतं. तिला आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा. वकिलाची इतकी घाई कशाला? एकदा कागद कोर्टात गेला की परतीचा रस्ता राहत नाही.

राधाबाईंचं तू म्हणतेस तसंच असेल. त्यांना दुसऱ्याच्या घरात बघायची सवय आहेच.

होळीला सुट्टी मिळाली तर येतो आणि कंप्यूटर बघतो. तोपर्यंत कोणी काही छेडू नका. अण्णांना नमस्कार, अवंतीला आठवण सांग.

तुझा
योगेश

*

जबलपूर
१७ फेब्रुवारी २०२६

गॅसचं मी लिहिलं नव्हतं.

माझं पत्र काढून पुन्हा वाच. कुलूप लिहिलं, कडी लिहिली, साडी लिहिली. गॅसचा शब्द नाही. या घरात गॅस मी पेटवते आणि मीच बंद करते, अवंती आल्यापासून तिला मी शेगडीपाशी उभी केलेली नाही. मग तुझ्या पत्रातला गॅस कुठून आला? तो पुण्याचा गॅस आहे. आणि पुण्यात अवंतीच्या स्वयंपाकघराचं सांगणारा माणूस एकच आहे.

योगेश, तुम्ही दोघं माझ्या हाताखाली वाढलात. तुमच्या आईबापानंतर तुमची दप्तरं मी भरली. तू खोटं बोलताना समोरच्याची काळजी करतोस, ही तुझी लहानपणची रीत आहे. डॉक्टर दाखवा, घाई करू नका, हे सगळं तुझं नाही. ज्याचं आहे त्याचं नाव तू लिही. मी लिहिणार नाही.

आता माझं ऐक. मी विचार करून राहिली होती की दिवाळीत तू नेमकं काय केलंस. मला सगळं दिसतं आहे. तू एका हाताने करंजी खात होतास आणि दुसऱ्या हाताने हो, हो, पुढे, पुढे दाबत होतास. मी विचारलं, "तो काय विचारतो रे इतकं?" तू म्हणालास, "काही नाही आजी, असंच असतं." मग कंप्यूटरने विचारलं, खातं कोणाचं. तू म्हणालास, नवं बनवू का? अण्णा म्हणाले, नको, जावईबापूंनी दिलेलं आहे तेच राहू दे, बदललं तर बरं दिसत नाही.

आठवतं का ते खातं कुठलं? अवंतीच्या पहिल्या दिवाळसणाला आपण जावयाला घड्याळ दिलं, आणि त्याने आपल्याला कंप्यूटरचं खातं दिलं. अख्ख्या घराला एक म्हणाला. अण्णांना केवढं कौतुक. पासवर्ड देवाजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, दर वर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवतात. आपल्यात जावयाने मांडलेलं कोणी हलवत नाही. त्याने ठेवलेला पाट सुद्धा तो जाईपर्यंत तिथेच राहतो.

मला एवढंच कळतं की बँकेत खातं ज्याच्या नावाचं, पैसा त्याचा. मग या खात्यात आपल्या घरातलं काय काय जातं, आणि ते उघडून कोण बसतं? हे मला नीट सांग. टेन्शन नको घेऊ, असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आणि तुझ्या बहिणीचं ऐकून घे. तिने लिहिणं बंद केलं आहे. कंप्यूटरवर माझं जुनं लुगडं टाकून ठेवलं आहे. मी लावलेला गॅस मी बंद केल्यावर ती उठून बघून येते, परत येऊन बसते, परत उठते. परवा मला विचारते, आजी, मी सकाळी अंघोळ केली का? केस ओले होते तिचे. मला म्हणाली, ते म्हणायचे तेच खरं असेल, माझं डोकं ठिकाणावर नाही. वकीलबाईंना नको म्हणून सांगू का?

लग्नाआधी हीच पोरगी अख्ख्या मोहल्ल्याचे फोन नंबर तोंडपाठ सांगत होती.

वकीलबाईंना अजून तिने नको म्हणून सांगितलेलं नाही. मी सांगू देत नाही. पण मी किती दिवस धरून ठेवू?

आजी

*

पुणे
२३ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस,

नाव लिहितो. अंबरीश जीजाजी.

माझी ही नोकरी त्यांनीच लावून दिली, हे तुला माहीत आहे. आमचं ऑफिस त्यांच्या ऑफिसच्या समोर आहे. चहाला बोलावतात. अवंतीची चौकशी करतात, डोळ्यांत पाणी आणून. मला वाटलं काळजी आहे. गॅसचं त्यांनीच सांगितलं, आतून कडी लावून बसण्याचंसुद्धा. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. अवंतीला मी एकदाही फोन केला नाही, कारण काय बोलावं ते कळत नव्हतं.

तुझ्या पत्रानंतर मी माझ्या खोलीवर बसून ते खातं उघडलं. पासवर्ड तोच, आपल्या कुलदैवताचा. उघडलं.

आजी, सगळं तिथे आहे. अण्णांचे पेन्शनचे कागद, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा रिपोर्ट, घराची रजिस्ट्री, अवंतीचं लिहिलेलं. जुन्या सिस्टीममध्ये हे सगळं घरातल्या कंप्यूटरच्या डब्यातच राहायचं, खातं फक्त नावाला होतं. नवी सिस्टीम तसं ठेवत नाही. कंप्यूटरमध्ये जे ठेवाल त्याची एक प्रत ती आपोआप खात्यात चढवते, आणि खात्यात कोणी काही बदललं तर ते घरच्या कंप्यूटरमध्येही बदलतं. अण्णांचा मोबाईलसुद्धा मी तेव्हाच जोडून दिला होता, फोटो हरवू नयेत म्हणून. हे सगळं कंप्यूटरने विचारलं होतं. मी न वाचता हो दाबलं. तू विचारलंस तेव्हा तरी वाचायला हवं होतं.

पुढचंही लिहितो. खात्यात जुन्या प्रतीसुद्धा राहतात. शनिवारची प्रत मी पाहिली. ‘बाहेरून कुलूप लावून जात’ असंच आहे. रविवारी दुपारी ते बदललं, आणि बदलणाऱ्या लॅपटॉपला जीजाजींचं नाव आहे. त्याच्या थोडं आधी अण्णांनी घाटावर काढलेला फोटो चढला आहे. तू आहेस, शेजारी अवंती जांभळ्या साडीत, हातात दिवा. तो फोटो त्यांनी पाहिला, आणि घरी कोणी नाही हे त्यांना कळलं.

आणखी वाक्यंही बदललेली आहेत. छोटी छोटी. कुठे तारीख, कुठे एखादा शब्द. नंतर तिची तिलाच खात्री वाटू नये, अशी.

राधाबाईंनी काही केलं नव्हतं.

आता मी विचार केला आहे की हे खातंच बंद करून टाकतो. सगळं पुसून देतो, म्हणजे ना त्यांना काही दिसेल, ना पुढे त्रास. अवंती नव्याने लिहील, कागदावर. वकीलबाईंना हे सांगायची गरज नाही. कोणाचं नाव निघायला नको. माझं इथे सगळं त्यांच्या ओळखीवर आहे, घर, ऑफिस. समजून घे.

येत्या रविवारी बसून पुसतो.

तुझा
योगेश

*

जबलपूर
८ मार्च २०२६

पुसायला निघाला होतास. पोरीच्या घरात चोर शिरला, त्याच्या पायाचे ठसे सापडले, आणि तिचा सख्खा भाऊ फरशी धुवायला निघाला. वर म्हणतो समजून घे.

योगेश,

तुझं पत्र होळीआधीच्या शुक्रवारी आलं. तुला थांबवायचं तर फोन हवा, आणि घरात एकच मोबाईल, तोही तूच जोडून दिलेला. म्हणून मी राधाबाईकडे गेले. तिने दार उघडलं. मी म्हटलं, फोन पाहिजे. तिने दिला. बस म्हणाली नाही. तिच्या अंगणात उभी राहून मी तुला सांगितलं, "काही पुसू नकोस." तू म्हणालास, "बघतो आजी."

राधाबाईने ते ऐकलं असणार, कारण फोन परत घेताना तिने पदराने पुसला आणि विचारलं, "पोरगी ठीक आहे ना?" मी म्हटलं, नाही. एवढंच आमचं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी वाटीत चिवडा घेऊन गेले, माझं चुकलं म्हणाले. वाटी तिने ठेवून घेतली आणि संध्याकाळी धुऊन रिकामी पाठवली. बरोबर केलं.

वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. तुझं पत्रही दाखवलं. त्या म्हणाल्या, "माताजी, मशीन को हाथ मत लगाइए, और लड़के से कहिए कुछ न मिटाए." मग त्या स्वतः त्यांच्या ऑफिसातल्या जाणकार बाईला घेऊन घरी आल्या. अवंतीला समोर बसवलं. अण्णांनी कॅलेंडर काढून दिलं. देताना त्यांचा हात जरा अडला. इतकी वर्षं त्या पासवर्डला ते नमस्कार करून पुढे जात होते.

खातं उघडलं. तू पुसलं नव्हतंस. तेवढं तुझ्या बाजूला लिहून ठेवते.

त्या बाईने दोन्ही प्रती छापून अवंतीच्या हातात दिल्या. शनिवारची आणि रविवारची. खाली लॅपटॉपचं नाव. तिने आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, "ऑफिसला जाताना ते बाहेरून कुलूप लावून जात. मी आत असे." तिथेच थांबली. पुन्हा तेच वाचलं. वकीलबाई काही बोलायला लागल्या, मी हाताने थांबवलं.

रडेल असं अण्णांना वाटत होतं, ते रुमाल काढून बसले होते. ती रडली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. सगळ्यांसाठी चहा टाकला, आलं जास्त झालं होतं. कप घेऊन बाहेर आली, बसली. मी बघत राहिले. ती परत उठून गॅस बघायला गेली नाही.

आता तुझं.

वकीलबाई म्हणतात, हे खातं कोणाचं, दिवाळीत ते कोणी जोडलं, गॅसचं आणि कडीचं तुला कोणी सांगितलं, याचा तुझ्या सहीचा कागद लागेल. नाही तर तिकडचा वकील म्हणेल, हे तिनेच केलं, डोकं ठिकाणावर नाही तिचं. तू सही केलीस तर तुझी नोकरी जाईल की राहील, मला माहीत नाही. जाऊ शकते. मी तुला खोटं सांगणार नाही की काही होणार नाही. तू मला तसंच सांगितलं होतंस, करंजी खात खात.

सही कर किंवा करू नकोस, हे मी लिहिणार नाही. या घरात सगळ्यांनी तिच्या वतीने ठरवून झालं आहे. अण्णांनी खातं ठरवलं, तू डॉक्टर ठरवला, त्याने वाक्यं ठरवली. मी तिला वकीलबाईंना नको म्हणून सांगू दिलं नाही, ते पण ठरवणंच.

म्हणून मी हे पत्र लिहिण्याआधी अवंतीला तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली. तुला विचारलं नाही. ती वाचत असताना मी बाहेर बसले. मग तिने मला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाली, दादाला पाठव. हाताने लिहिली आहे. मी ती उघडून वाचलेली नाही, पाकिटात तशीच टाकली आहे. पण देताना ती तोंडाने जे बोलली ते मी ऐकलं, आणि तू मला ओळखतोस, ऐकलेलं मी विसरत नाही. ती म्हणाली, "दादाला त्यांनी गॅसचं सांगितलं, तेव्हा त्याने मला एक फोन करून विचारलं काहून नाही?"

चिठ्ठीत तेच असेल, किंवा दुसरं काही असेल. ते तुमच्या दोघांतलं.

कंप्यूटर सध्या वकीलबाईंच्या ताब्यात आहे. टेबलावर मी पापडांचा डबा ठेवला आहे. होळीला तू आला नाहीस, बरं केलंस, आला असतास तर मी काय बोलले असते सांगता येत नाही.

या पत्राचं उत्तर मला नको. अण्णांनाही नको. पाकिटावर अवंतीचं नाव घाल आणि तिला लिही, स्वतः, हाताने, कोणासोबत चहा न पिता.

आजी